निर्जनतेचा खेळ : साहसी संगणकीय खेळांतील वातावरण आणि पुढच्या भागाची प्रतीक्षा

चंद्रपूर, प्रतिनिधी

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबातील पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसण्याची संधी ज्यांना मिळाली आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रात्रभरात वाघ दिसेलच, असे नसते. पाण्यावर चांदणे असते, रातव्याचा एकसुरी आवाज असतो आणि मध्येच कुठेतरी चितळ इशाऱ्याची हाक देते. त्यानंतर जी शांतता पसरते, ती आधीच्या शांततेपेक्षा वेगळी असते. प्रत्यक्षात काहीही घडलेले नसते. तरीही मचाणावरचा माणूस श्वास रोखून बसलेला असतो.

संगणकीय खेळांच्या दुनियेत हाच अनुभव देण्याचा प्रयत्न करणारा एक प्रकार सुमारे पन्नास वर्षांपासून अस्तित्वात आहे. त्याला ‘ॲडव्हेंचर गेम’ अर्थात साहसी खेळ म्हणतात. नावात साहस असले, तरी या खेळांत बंदुका चालविण्याचे किंवा गाड्या पळविण्याचे काम फारसे नसते. खेळाडूने अनोळखी जागी फिरायचे, वस्तू न्याहाळायच्या, कोडी सोडवायची आणि तेथे पूर्वी काय घडले असावे, याचा माग काढायचा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. एकेकाळी सायबर कॅफेत मित्रांच्या घोळक्यात खेळल्या जाणाऱ्या गोळीबाराच्या खेळांहून हा प्रकार अगदी निराळा आहे. तो एकट्यानेच, शक्यतो रात्री आणि कानाला हेडफोन लावून खेळायचा असतो.

अशा खेळांचे चाहते पुढच्या भागासाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात. काहींची इच्छा पूर्ण होते, काहींची होत नाही. आणि पूर्ण झाल्यावरही समाधान मिळतेच, असे नाही. असे का व्हावे, याचे उत्तर या खेळांच्या घडणीतच दडलेले आहे.

उगम एका खऱ्या गुहेत

या प्रकाराला नाव मिळाले ते ‘ॲडव्हेंचर’ याच नावाच्या खेळावरून. ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ म्हणूनही तो ओळखला जातो. विल क्राउदर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने तो १९७५-७६ च्या सुमारास लिहिला. आजच्या इंटरनेटची जननी असलेल्या ‘अर्पानेट’च्या उभारणीत क्राउदर यांचा सहभाग होता; पण त्यांचा छंद होता गुहा धुंडाळण्याचा. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहासमूहाच्या मोजणीत त्यांनी व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी भाग घेतला होता. पुढे दोघे विभक्त झाले. त्या काळात आपल्या दोन मुलींसाठी काहीतरी करावे, या हेतूने क्राउदर यांनी त्या गुहेचाच एक शब्दरूप नकाशा संगणकावर रचला.

त्यात एकही चित्र नव्हते. पडद्यावर दोन ओळींचे वर्णन येई आणि खेळाडूने ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’ अशा दोन शब्दांच्या आज्ञा टंकायच्या. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली आणि हा खेळ विद्यापीठांतील संगणकांवर पसरला. ज्यांनी ती गुहा प्रत्यक्ष पाहिली होती, त्यांना खेळातील वाटा ओळखता येत. साहसी खेळांच्या पहिल्याच कलाकृतीमागे एक खरी जागा, तिची काटेकोर मोजणी आणि एका माणसाचे खरे एकटेपण होते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रिकामे बेट

निर्जनतेला सर्वाधिक लोकप्रियता मिळवून दिली ती ‘मिस्ट’ने. रँड आणि रॉबिन मिलर या भावांच्या ‘सायन’ कंपनीने हा खेळ सप्टेंबर १९९३ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी आणला. खेळाडू एका बेटावर येतो. धक्का आहे, ग्रंथालय आहे, विचित्र यंत्रे आहेत. माणूस मात्र नाही. ग्रंथालयातील निळ्या आणि लाल पुस्तकांत अडकलेले दोन भाऊ तुटक आवाजात मदत मागतात आणि एकमेकांवर आरोप करतात. कोणाचे ऐकायचे, हे खेळाडूने ठरवायचे. येथे शत्रू नाही, मरण नाही, घड्याळ नाही. या खेळाच्या साठ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत तो संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ होता.

बेट रिकामे ठेवण्यामागे कल्पकता होती, तशी अडचणही होती. त्या काळच्या संगणकांना हलता-बोलता माणूस पडद्यावर दाखविणे जड जाई. सीडी वाचण्याचा वेगही अतिशय कमी असे. त्यामुळे मिलर बंधूंनी आधीच तयार केलेली सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे एकामागून एक दाखविण्याचा मार्ग पत्करला. माणसे मोजकीच ठेवली आणि त्या भूमिका दोघा भावांनी स्वतःच वठविल्या. सुरुवातीला तर खेळात संगीतच नसावे, केवळ वारा आणि लाटांचे आवाज असावेत, असा विचार होता. साधनांच्या तुटपुंजेपणातून एक शैली जन्माला आली आणि पुढे साधने मुबलक झाल्यावरही ती टिकून राहिली.

वातावरण घडते कसे?

‘वातावरण’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. परंतु त्यामागील कारागिरी मोजक्या घटकांवर उभी असते.

पहिला घटक ध्वनी. पावलांचा आवाज माती, लाकूड आणि दगड यांनुसार बदलतो. पार्श्वभूमीला अखंड चालणारा एखादा नाद असतो, ज्याकडे खेळाडूचे लक्षही नसते. तो थांबला की मात्र लक्ष जाते. रातकिडे गप्प झाल्यावर मचाणावरचा माणूस सावध होतो, तोच हा नियम.

दुसरा घटक म्हणजे माहितीची टंचाई. कोठे जायचे, हे दाखविणारा बाण नाही, नकाशा अपुरा, वाटा एकमेकींत गुंतलेल्या. खेळाडूला खुणा लक्षात ठेवाव्या लागतात आणि त्या ओघात ती जागा त्याच्या ओळखीची होत जाते.

तिसरा घटक म्हणजे मागे राहिलेल्या खुणा. अर्धवट लिहिलेली वही, उलटी पडलेली खुर्ची, विझलेली शेगडी यांवरून खेळाडू गेलेल्या माणसाची कथा जुळवतो. आपल्याकडील वनरक्षक रोज हेच करतो. ओल्या मातीतील ठसे, झाडावरील ओरखडे, विष्ठा आणि मोडलेली फांदी यांवरून रात्री येथून कोण गेले, केव्हा गेले आणि कोणत्या दिशेने गेले, हे तो सांगतो.

चौथा घटक अंतर. माणूस अजिबात नसण्यापेक्षा तो आहे, पण पोहोचण्यापलीकडे आहे, ही जाणीव अधिक खोलवर जाते. बेल्जियन चित्रकार बेन्वा सोकाल यांच्या २००२ मधील ‘सायबेरिया’ या खेळात केट वॉकर ही न्यूयॉर्कची वकील एका वृद्ध यंत्रकाराच्या शोधात युरोपातून पूर्वेकडे जाते. वाटेत तिला आई, मैत्रीण, होणारा नवरा आणि वरिष्ठ यांचे दूरध्वनी येत राहतात. त्या संभाषणांतूनच ती त्यांच्यापासून किती दूर चालली आहे, हे उमगत जाते. भामरागडकडे जाताना मोबाइलची रेंज कोणत्या वळणावर सुटते, हे ठाऊक असलेल्या प्रवाशाला केटची अवस्था परकी वाटणार नाही.

मनोऱ्यावरील माणूस

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा खेळ म्हणजे फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेला ‘फायरवॉच’. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘कॅम्पो सँटो’ या छोट्या संस्थेने तो तयार केला. कथेचा काळ १९८९ चा उन्हाळा. आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात भीषण वणवे पेटले होते. त्या पार्श्वभूमीवर हेन्री नावाचा मध्यमवयीन माणूस वायोमिंगमधील शोशोनी वनात आग-टेहळणीच्या मनोऱ्यावर हंगामी नोकरी पत्करतो. त्याची पत्नी तुलनेने तरुण वयातच स्मृतिभ्रंशाने ग्रासली आहे आणि तो त्या वास्तवापासून पळून आला आहे. त्याच्या सोबतीला असतो केवळ एक आवाज. दुसऱ्या मनोऱ्यावरील त्याची वरिष्ठ, डेलायला, बिनतारी यंत्रावरून त्याच्याशी बोलते.

संपूर्ण खेळात हेन्री आणि डेलायला समोरासमोर येत नाहीत. खेळाडू जंगलात हिंडतो, दोर लावून कडे उतरतो, दिसेल ते तिला कळवितो. हळूहळू कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे, असा संशय दोघांच्या मनात घर करतो. उन्हाळा सरत जातो, धूर दाट होत जातो आणि ऑली मॉस व जेन एन्जी यांनी रंगविलेले जंगल पिवळ्याकडून नारिंगीकडे झुकते. एकांतात माणूस साध्या घटनेलाही कटाचे रूप कसे देतो, हा खेळाचा गाभा आहे.

आपल्याकडे वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होतो. जाळरेषा आखल्या जातात, हंगामी फायर वॉचर नेमले जातात. ताडोबातील संरक्षण कुट्यांत राहणारे वनकर्मचारी बिनतारी संचाच्या आधाराने दिवस काढतात. आगीची कारणे मात्र वेगळी आहेत. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते आणि ती पसरते. येथील जंगलात धूर दिसला, तर त्यामागे बहुधा कोणाचे तरी पोट असते.

पुण्याची ‘राजी’

या प्रांतात मराठी मुलुखाचे नाव झाले ते ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’मुळे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अन्य यंत्रांवर आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरीही काम थांबले नाही. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळाच्या गटात ‘राजी’ला नामांकन मिळाले.

सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या आपल्या भावाच्या शोधात निघते. हा खेळ निव्वळ कोड्यांचा नाही; त्यात त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन लढाईही आहे. मात्र त्याचा ठसा उमटतो तो जागांमुळे. राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारे उंच सज्जे, पहाडी चित्रशैलीच्या वळणाचे रंग आणि कळसूत्री छायाखेळातून उलगडणारी कथा यांत दृश्य मुद्दाम दुरून दाखविले आहे. ओस पडलेल्या भव्य वास्तूत ती मुलगी ठिपक्याएवढी दिसते. तिच्याविषयी बोलतात ते दुर्गा आणि विष्णू; तिच्याशी बोलायला कोणीच नाही. देव पाहत आहेत आणि तरीही आपण एकटे आहोत, हा एकाकीपणाचा खास भारतीय प्रकार म्हणावा लागेल.

हा खेळ चार-पाच तासांत आटोपतो आणि कथा ऐन वळणावर थांबते. अनेक समीक्षकांनी व खेळाडूंनी यावर नाराजी व्यक्त केली. ‘पुढे काय?’ हा प्रश्न पाच वर्षे लटकत राहिला. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘राजी : कलियुग’ या पुढील भागाची घोषणा झाली.

पुढच्या भागाचा पेच

एकांतावर उभ्या असलेल्या खेळाचा पुढचा भाग काढणे अवघड असते. पहिल्या भागात खेळाडूला काहीच ठाऊक नसते. ती अनभिज्ञता हेच भांडवल असते. पुढच्या भागात ते संपलेले असते. चाहत्यांना हवे असते तेच एकटेपण, पण ते ओळखीचे झालेले असते.

‘मिस्ट’चा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. १९९७ मधील ‘रिव्हन’ हा दुसरा भाग अनेकांना पहिल्याहून सरस वाटतो. त्यात बेटांवर वस्ती आहे. मात्र खेळाडूची चाहूल लागताच लोक दडून बसतात, मुले पळून जातात. निर्जनतेच्या जागी परकेपणा आला आणि अनुभव पुढे सरकला. पुढे २००१, २००४ व २००५ मध्ये आणखी तीन भाग निघाले. पण पहिल्या दोहोंचे गारूड त्यांना साधले नाही. २००३ मधील ‘उरू’मध्ये तर हजारो खेळाडूंना एकाच वेळी त्या जगात आणण्याचा बेत होता. तो सामूहिक भाग फेब्रुवारी २००४ मध्ये रद्द करावा लागला आणि नंतर अनेक अडखळत्या प्रयत्नांनी चालू राहिला. सामसूम बेटावर गर्दी नेण्याचा हा प्रयोग होता. सरतेशेवटी २०२४ मध्ये ‘सायन’ने ‘रिव्हन’च नव्याने घडवून सादर केला.

‘सायबेरिया’चा दुसरा भाग २००४ मध्ये आला आणि कथा पूर्ण झाली. तेरा वर्षांनी, २०१७ मध्ये, आलेल्या तिसऱ्या भागाने अनेकांची निराशा केली. चौथा भाग मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास सोकाल हयात नव्हते. मे २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले होते. ‘फायरवॉच’ला तर पुढचा भाग नाहीच. त्याच्या कर्त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये ‘इन द व्हॅली ऑफ गॉड्स’ हा नवा खेळ जाहीर केला. २०१८ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने ती संस्था विकत घेतली आणि २०१९ मध्ये ते काम बाजूला ठेवले गेले. हेन्रीची गोष्ट जेथे संपली तेथेच संपली, आणि ते त्या गोष्टीच्या हिताचेच झाले, असे मानणारा चाहतावर्गही मोठा आहे.

‘राजी’ची स्थिती या सर्वांहून निराळी आहे. तिची कथाच अपुरी राहिली असल्याने पुढचा भाग ही हौस नसून देणे आहे. किल्ल्याच्या सज्जावरची ती ठिपक्याएवढी मुलगी आणि भोवतीची निःशब्द वास्तू नव्या भागात टिकते की नाही, हाच खरा प्रश्न राहील.

जंगल खरोखर निर्जन असते काय?

पाश्चात्त्य साहसी खेळांतील अरण्य बहुधा माणसांविना असते. त्यामागे अमेरिकेतील ‘अस्पर्श अरण्य’ ही कल्पना आहे. आपल्या जिल्ह्यांना ती लागू पडत नाही. गडचिरोलीचे जंगल माडिया आणि गोंड समाजाच्या वस्तीचे जंगल आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि जंगल ही गावाची जबाबदारी असल्याचे दाखवून दिले. शहरातून आलेल्या पाहुण्याला जेथे सामसूम वाटते, तेथे गावकऱ्याला प्रत्येक नाल्याचे नाव ठाऊक असते.

एकांताची दुसरी बाजूही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पहाटे मोहफुले किंवा तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात प्राण गमावतात. मचाणावरची थरारक शांतता आणि सरपणासाठी निघालेल्या स्त्रीच्या वाट्याची शांतता एकच नव्हे. येथील जंगलावर कधी खेळ निघाला, तर त्याला या दोन्ही शांतता ऐकू यायला हव्यात.

मराठीतून असा खेळ शक्य आहे काय?

तांत्रिकदृष्ट्या आज तो निश्चित शक्य आहे. ‘राजी’साठी वापरलेले ‘अनरिअल’ हे तंत्र मोठ्या चमूला लागते. पण शब्दप्रधान खेळ एकटा माणूसही रचू शकतो. २००९ मध्ये आलेले ‘ट्वाइन’ हे साधन विनामूल्य आहे आणि त्यात देवनागरी मजकूर सहज लिहिता येतो. निवडलेल्या शब्दावर टिचकी मारली की कथा पुढे सरकते.

खरी गंमत भाषेची आहे. क्राउदर यांचा खेळ इंग्रजी शब्दाची केवळ पहिली पाच अक्षरे वाचून काम भागवीत असे. मराठीत ‘दिवा’चे ‘दिव्याने’ होते आणि ‘गुहा’चे ‘गुहेत’. आज्ञा ओळखण्यासाठी सामान्यरूपे जाणणारी यंत्रणा हवी. त्याहून नाजूक प्रश्न संबोधनाचा. इंग्रजी निवेदकाला खेळाडू पुरुष की स्त्री, हे ठरवावे लागत नाही. मराठीत ‘तू गुहेत गेलास’ किंवा ‘तू गुहेत गेलीस’ यांपैकी एक निवडावेच लागते. ‘तुम्ही गेलात’ म्हटले, तर लिंगभेद टळतो; पण एकटेपणाला लागणारी जवळीकही निसटते. वर्तमानकाळ वापरला, तरी ‘तू जातोस’ की ‘तू जातेस’ हा पेच उरतोच. मराठीत साहसी खेळ लिहू पाहणाऱ्याला पहिल्याच वाक्यात हा निर्णय घ्यावा लागेल.

जागांची वाण मात्र नाही. भद्रावतीची विजासन लेणी, जिवती तालुक्यातील माणिकगड, चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचे दरवाजे आणि खिडक्या, वैनगंगेकाठचे मार्कंडा, सिरोंचाकडील वडधमचे जीवाश्म यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट अर्धी सांगून थांबलेली आहे. क्राउदर यांनी आधी गुहा मोजली आणि मग खेळ लिहिला. येथेही सुरुवात तशीच, पायी फिरून आणि वहीत नकाशा काढून करावी लागेल.

कोठून सुरुवात करावी?

- मिस्ट (१९९३) : कोड्यांची आवड असणाऱ्यांसाठी. वही-पेन्सिल जवळ ठेवावी. नव्या संगणकांसाठी सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे.
- रिव्हन (१९९७, नवे रूप २०२४) : ‘मिस्ट’ पूर्ण केल्यावरच खेळावा. काठिण्यपातळी जास्त.
- सायबेरिया (२००२) : कथा आणि प्रवासवर्णन आवडणाऱ्यांसाठी. दुसरा भाग सलग खेळल्यास कथा पूर्ण होते.
- फायरवॉच (२०१६) : चार-पाच तासांचा खेळ. भाषा व विषय प्रौढांसाठी असल्याने लहान मुलांना देऊ नये.
- राजी (२०२०) : लढाईची थोडी सवय हवी. कथा अपुरी राहते, याची तयारी ठेवावी.